यंदाच्या किल्ल्यात धाकट्याचा बुरूज

मुलांनो, एक प्रश्न विचारू? तुमच्या घरी दिवाळीचा किल्ला कोण करतं?

"आम्ही!" असं तुम्ही एका सुरात म्हणाल. बरं, आता दुसरा प्रश्न. तुम्ही दहावीत गेलात, क्लास सुरू झाले, सराव परीक्षा मागे लागल्या, की मग किल्ला कोण करणार?

का हो, एकदम गप्प का झालात?

पुष्कळ घरांतला किल्ला असाच बंद पडतो. माती मिळाली नाही तर ती कुठून तरी आणता येते. जागा नसली तर गॅलरीचा कोपरा असतोच. पण किल्ला करणारा मोठा झाला आणि धाकट्याला कोणी शिकवलंच नव्हतं, तर काय करणार? तो बिचारा दरवर्षी हौसेने जवळ यायचा आणि दरवर्षी ऐकायचा, "ए, लुडबूड करू नकोस! पाडशील सगळं!" मग एके वर्षी तो यायचाच बंद होतो.

चिखल किती घट्ट हवा, गोणपाट कसं टाकायचं, हळीव कधी पेरायचे, या गोष्टी शाळेच्या पुस्तकात नसतात आणि परीक्षेलाही येत नाहीत. त्या थोरल्याकडून धाकट्याकडे जातात. मधला एक दुवा निसटला, की संपलं!

शरद ऋतूत सगळ्यांना काम

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. पाऊस परतीच्या वाटेवर असतो. दुपारी ऊन चटकतं, पण पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. गवत पिवळं पडू लागतं आणि जमीन वरून कोरडी दिसली तरी आतून ओलसर असते. म्हणजे खणायला सोपी! भर पावसाळ्यात केलेला किल्ला एका सरीत वाहून जाईल आणि मे महिन्यात कुदळ मारली तर हातालाच झिणझिण्या येतील. मातीत खेळायला हेच दिवस चांगले.

या दिवसांतल्या आपल्या घरगुती रीती जरा नीट पाहा. त्या जणू लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच बेतल्यासारख्या वाटतात.

भोंडलाच घ्या. कुठे त्याला हादगा म्हणतात. खानदेशात आणि विदर्भात भुलाबाई मांडतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की पाटावर हत्ती काढायचा, तो मध्ये ठेवायचा आणि भोवती फेर धरायचा. फेरात अगदी तीन वर्षांची चिमुरडीही असते. तिला गाण्याचा एक शब्द येत नाही. ती फक्त ताईचा हात धरते, गोल फिरते आणि शेवटचा शब्द जोरात म्हणते. पुढच्या वर्षी तिला धृपद येतं, त्याच्या पुढच्या वर्षी अख्खं गाणं! शिकवणी नाही, वही नाही. आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची वेळ आली, की मोठ्या मुली "तिखट की गोड?" करत बसतात आणि ही चिमुरडी वास घेऊन सांगून टाकते, "करंजी!"

नवरात्रात घट बसतात. परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात. रोज पाणी शिंपडायचं आणि अंकुर किती वाढले ते पाहायचं. दसऱ्याला तेच अंकुर टोपीत किंवा कानावर खोवतात. रोजचं ते पाणी शिंपडायला धाकट्यासारखा माणूस नाही! तो एक दिवसही विसरणार नाही. उलट दिवसातून चारदा घालील, म्हणून लक्ष मात्र ठेवा.

इथे एक प्रयोगही होतो. घटाच्या दिवशीच दोन वाट्यांत माती घेऊन गहू पेरा. एक वाटी खिडकीत उजेडात ठेवा, दुसरी कपाटाखाली अंधारात. आठवड्याने धाकट्याला विचारा, "कुठले अंकुर उंच?" अंधारातले अंकुर लांबलचक पण पिवळट आणि लेचेपेचे दिसतील. उजेडातले बुटके, पण हिरवेगार. उजेड नसला की रोपात हरितद्रव्य तयार होत नाही. असलेलं बळ ते उंच होण्यात घालवतं, कुठे तरी उजेड सापडेल या आशेने. देवघराच्या कोपऱ्यातल्या घटाचे अंकुर पिवळसर का असतात, हे आता तुमच्या लक्षात आलं ना?

दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात. नुकताच एक काढायला शिकलेला पिंट्या त्यातला निदान एक आकडा काढू शकतो. आपट्याची पानं घरोघर नेऊन द्यायलाही छोटी मंडळीच पुढे असतात. फक्त फांद्याच्या फांद्या तोडून आणू नका. एका घरी एक पान पुरे. सोनं मोठ्यांच्या हातावर ठेवायचं, वाकून नमस्कार करायचा. त्यात पानांचा ढीग कशाला?

मान थोरल्याचा, मग कामही थोरल्याचं

दसऱ्यानंतर येते कोजागरी. आटवलेलं केशरी दूध, गच्चीवरची चटई आणि वर पूर्ण चंद्र! त्या रात्री पुष्कळ घरांत एक खास गोष्ट होते. घरातल्या पहिल्या अपत्याला, मुलगा असो की मुलगी, आई ओवाळते. याला आश्विनी म्हणतात. थोरले असाल तर त्या दिवशी तुमची ऐट असते. आणि धाकटं बाजूला बसून विचारतं, "मला का नाही?"

त्याला काय उत्तर द्याल? "कारण मी मोठा," एवढंच? हे काही उत्तर नव्हे. मोठं असण्याचा मान मिळाला, तर मोठं असण्याचं कामही करायला हवं. आणि ते करायची संधी बारा दिवसांवर आलेली असते. कोजागरीनंतर बाराव्या दिवसाच्या सुमारास वसुबारस येते, म्हणजे दिवाळी सुरू!

तेव्हा कोजागरीच्या रात्रीच धाकट्याला कानात सांगा, "यंदाच्या किल्ल्यात एक बुरूज तुझा." त्या रात्री त्याला दूध न पिताही झोप लागणार नाही!

चला, राजगड बांधू या

कुठला किल्ला करायचा? भावंडं दोन-तीन असतील, किंवा शेजारची मुलं जमणार असतील, तर आमचं मत राजगडाला.

पुणे जिल्ह्यातला हा किल्ला रायगडापूर्वी स्वराज्याची राजधानी होता. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. राजगड त्या बारांत आहे.

पण आम्ही राजगड निवडला तो वेगळ्याच कारणासाठी. त्याचा आकारच वाटणी करायला सोयीचा आहे! मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याला तीन बाजूंना फुटलेल्या तीन माच्या. माची म्हणजे डोंगराचा सपाट सोंडेसारखा भाग, तटबंदीने बांधून काढलेला.

संजीवनी माची लांबलचक आहे, आणि तिथली तटबंदी दुहेरी आहे. एका तटाच्या आत दुसरा तट आणि मधून जायला वाट. हे काम अवघड. ते सगळ्यांत मोठ्याने घ्यावं.

सुवेळा माचीवर एका खडकाला आरपार भोक आहे. त्याला नेढं म्हणतात. मधल्या भावंडाने मातीचा खडक करावा आणि तो ओला असतानाच त्यातून पेन्सिल आरपार घालावी. झालं नेढं!

पद्मावती माची सगळ्यांत प्रशस्त आणि तिच्यावर तळं आहे. तळं! पाणी! ही माची कोणाची ते सांगायला हवं का? धाकट्याला डबीचं एक झाकण द्या. ते मातीत बसवायचं आणि पाणी भरायचं. दिवसभर तो दुसरीकडे हलणार नाही.

आता कृती. विटा, दगड, फुटके डबे रचून आधी डोंगराचा सांगाडा करा. बालेकिल्ला मध्ये आणि उंच. त्यावर भिजवलेलं गोणपाट टाका. गोणपाट ओलं असलं की माती धरून ठेवतं. माती चाळून घ्या. पाणी एकदम ओतू नका. थोडंथोडं घालत कणकेसारखा चिखल मळा. तो मुठीत दाबून पाहा. बोटांतून गळला तर पाणी जास्त झालं, गोळा फुटला तर कमी पडलं.

चिखलाचा थर खालून वर लावत जा. वाळताना माती आकसते, म्हणून दुसऱ्या दिवशी भेगा पडतील. घाबरू नका. पातळ चिखलात बोट बुडवून भेगा बुजवा. छोटी बोटं हे काम फार छान करतात.

मग पेरणी. हळीव थोड्या पाण्यात भिजवले, की बुळबुळीत होतात आणि उतारावरही चिकटून बसतात. दोन-तीन दिवसांत ते डोकं वर काढतात आणि पाच-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. म्हणजे लक्ष्मीपूजनाला गड हिरवा हवा असेल, तर पेरणी वसुबारसेच्या आधीच उरकायला हवी. मोहरीही चालते. रोज पाणी घालताना तांब्याने ओतू नका, नाहीतर सगळा डोंगर खाली येईल! हाताने शिंपडा.

अंगण नाही? गॅलरीही अरुंद? मग घमेल्यात राजगड करा. माच्या थोड्या आखूड होतील, इतकंच.

बुरूज पडला तर?

पडणारच! लहान मुलं हाताने बघतात. धाकटा येईल, बुरुजावर हात ठेवेल आणि बुरूज त्याच्या हाताबरोबर खाली येईल. तेव्हा तुमच्या तोंडात जे वाक्य येईल, ते गिळून टाका. जमेल?

त्यावर एक युक्ती आहे. त्याची माची अगदी जमिनीलगत, तुमच्या तटापासून वीतभर दूर ठेवा. म्हणजे त्याचं पडलं तरी तुमचं पडत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याचा बुरूज वाकडा झाला, तर रात्री तो झोपल्यावर गुपचूप सरळ करू नका. सकाळी उठून तो पहिल्यांदा आपला बुरूज बघायला धावतो. तो बदललेला त्याला लगेच कळतो. "हा माझा नाही," असं त्याने म्हटलं, की किल्ला पुन्हा तुमच्या एकट्याचा झाला!

पाहुणे आले, की बोट दाखवून सांगा, "हे तळं आमच्या छोटूने केलंय." मग बघा त्याचा चेहरा!

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मावळ्यांची इवलीशी चित्रं, मणी, गोट्या तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या हाती देऊ नका. ती सरळ तोंडात जातात. आणि दिवाळी संपल्यावर किल्ला फटाक्याने उडवायची फुशारकी नको. दगडमाती उडून डोळ्याला लागते. किल्ला हातानेच मोडा. माती कुंड्यांत घाला, विटा जागेवर ठेवा, गोणपाट वाळवून घडी करा. पुढच्या वर्षी लागेल ना!

आईबाबांसाठी चार शब्द

तयार किल्ला दुकानात मिळतो आणि तो सुबकही असतो. पण त्यात धाकट्याला करायला काहीच उरत नाही. त्याने बघायचं, तेही लांबून!

घरात चिखल होईल, हे खरं. दाराशी एक जुनं पोतं, एक बादली आणि वाईट झाले तरी चालतील असे कपडे, एवढी तयारी पुरते. आणखी एक विनंती. आपण किल्ला करायला बसू नका. माती आणून द्या, जड विटा उचलून द्या आणि बाजूला व्हा. मुलं भांडतील, मिटवतील, पुन्हा भांडतील. थोरल्याने धाकट्याला काही समजावून सांगितलं, तर ते कौतुकाने ऐका. गणितात मिळालेल्या गुणांइतकंच तेही कौतुकाचं आहे.

घरी एकच मूल असेल, तर शेजारच्या छोट्यांना बोलवा. शिकवायला कोणी तरी हवं आणि शिकायलाही कोणी तरी हवं. ते सख्खंच असलं पाहिजे, असं थोडंच आहे?

तर मुलांनो, लागा तयारीला. गोणपाट शोधा, माती कुठे मिळते ते बघून ठेवा, हळीव आईकडून मागून घ्या. काही वर्षांनी तुम्ही दहावीचा अभ्यास करत बसाल आणि खिडकीतून आवाज येईल, "ए, पाणी एकदम ओतू नकोस! थोडंथोडं घाल!" धाकटा त्याच्याहून धाकट्या कोणाला तरी शिकवत असेल. तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटं खाली जा आणि एक भेग बुजवून या.