जुन्या गाडीचा रेडिएटर: कधी बदलायचा, कुठला घ्यायचा, कसा बसवायचा

जुन्या गाड्यांच्या भागांनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "गाडी गरम होते, मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला. बदलू का?" आजचा भाग त्यावरच. बोलण्यातल्या थोड्या पुनरुक्त्या काढून इथे लिहून देतोय, म्हणजे बोनेट उघडून उभे असाल तेव्हा मोबाईलवर वाचता येईल.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, गॅरेजचा नाही. पण घरी बाबांची 2001 सालची मारुती 800 आहे आणि तिचा रेडिएटर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललाय. त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. झेन, सँट्रो, एस्टीम असेल तरी तत्त्व तेच.

आधी खात्री करा की दोषी रेडिएटरच आहे

रेडिएटर बदलून गाडी पुन्हा गरम झाली की माणूस खचतो. म्हणून आधी एक साधा प्रश्न: गाडी नेमकी कधी गरम होते?

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर खाली येतो? मग आधी फॅन बघा. फ्यूज, रिले, थर्मो-स्विच, फॅनची मोटर. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, उभी असताना सगळा भार फॅनवर असतो.

उलट, शहरात ठीक चालते पण खंबाटकी चढताना किंवा मे महिन्यात एसी लावून हायवेला काटा वर जातो? मग रेडिएटर आतून चोंदला असण्याची शक्यता जास्त. इंजिन जेवढी उष्णता तयार करतंय तेवढी तो बाहेर टाकू शकत नाहीये. पण आधी बाहेरूनही बघा. एसी असलेल्या गाडीत पुढे कंडेन्सर आणि मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षांची धूळ, पानं, किडे अडकलेले असतात. कधी कधी नुसत्या पाण्याच्या धारेने अर्धं काम होतं. धार हलकी ठेवा, प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या वाकतात.

इंजिन तापलंय पण वरचा होजपाइप गारच आहे, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. तो रेडिएटरपेक्षा खूप स्वस्त पार्ट आहे.

आणि एक वाईट शक्यता. बाहेर कुठेही गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधून गरम इंजिनलाही पांढरा धूर येतोय, किंवा ऑईल दुधाळ चहासारखं दिसतंय. हा हेड गॅस्केटचा मामला आहे. तिथे नवा रेडिएटर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरी जोखीम इथेच आहे. रेडिएटर हा इंजिनाच्या मानाने किरकोळ खर्च. पण काटा लाल रेघेवर असताना "आलंच घर" म्हणत पाच किलोमीटर गाडी ओढली, तर ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं. वीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत तो खर्च बघून बरेच लोक सरळ गाडी भंगारात देतात. म्हणजे इथे प्रश्न गाडी राहणार की जाणार, हा असतो.

दुरुस्ती की नवा?

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. त्यांना गळती लागली तर रेडिएटरवाला डाख लावून देतो. चोंदला असेल तर वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो, फारच खराब असेल तर कोअर बदलतो. तुमच्याकडे असा रेडिएटर असेल आणि हाताचा चांगला कारागीर जवळ असेल, तर दुरुस्ती हा चांगला पर्याय आहे.

नंतरच्या गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. मध्ये रबरी गॅस्केट आणि धातूच्या कडा दाबून बसवलेल्या. प्लॅस्टिक उष्णतेने वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं आणि एक दिवस तडा जातो. त्यावर एम-सील फासून गॅरेजपर्यंत पोचता येईल, कोकणात जाता येणार नाही. हा रेडिएटर बदलायचाच.

तांबं की ॲल्युमिनियम?

उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून सरस आहे. मग सगळ्या कंपन्या ॲल्युमिनियमकडे का गेल्या? कारण धातू हा हिशेबाचा एक भाग झाला. ॲल्युमिनियम मजबूत आणि हलकं, त्यामुळे नळ्या रुंद करता येतात, पात्यांना जास्त पृष्ठभाग लागतो. तांब्याच्या रेडिएटरमध्ये नळी आणि पाती यांच्यामध्ये डाखाचा थर येतो, आणि तो उष्णता तेवढी चांगली नेत नाही. म्हणून दुकानात "साहेब, हा डबल रो आहे, तो सिंगल रो" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. चांगला सिंगल रो ॲल्युमिनियम जुन्या डबल रो तांब्याची बरोबरी करू शकतो. गाडी मूळ अवस्थेत असेल तर मूळ मापाचा, चांगल्या कंपनीचा रेडिएटर पुरेसा आहे.

दुकानात जाताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ही ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत. पण "मारुती 800 चा रेडिएटर द्या" एवढं सांगून चालत नाही. आमच्या गाडीसाठी मला एका दुकानदाराने कार्ब्युरेटर मॉडेलचा पार्ट "हाच बसतो सगळ्यांना" म्हणून दाखवला होता. मी मापं लिहून नेली होती, म्हणून तिथेच परत ठेवला. तर ही यादी:

- गाडीचं साल, मॉडेल, कार्ब्युरेटर की एमपीएफआय, पेट्रोल की डिझेल
- एसी आहे की नाही
- गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे का (असेल तर गिअर ऑईलचे पाइप रेडिएटरला जोडलेले असू शकतात)
- जाळीची उंची, रुंदी आणि जाडी
- वरच्या आणि खालच्या होजच्या तोंडाचा व्यास आणि बाजू
- फॅन बसवायची भोकं, खालच्या खुंट्या, थर्मो-स्विचची जागा

यातली जाडी लोक विसरतात. दहा मिलिमीटर जास्त जाड रेडिएटर घेतला तर फॅन इंजिनला घासू शकतो.

सेकंडहँड रेडिएटर मात्र टाळा. बाहेरून चकाचक दिसला तरी आत क्षार किती साठलेत ते दिसत नाही.

झाकण हा पार्टच आहे

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, तो प्रेशर व्हॉल्व्ह आहे. झाकणावर 0.9 असा आकडा असतो. तेवढा जादा दाब आत राहिला की साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी साधारण 118 अंशांना उकळतं. म्हणूनच गरम इंजिनचं झाकण उघडू नये. उघडताक्षणी दाब जातो, 110 अंशांचं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं आणि थेट तोंडावर येतं. झाकणात दुसरा, उलटा व्हॉल्व्हही असतो. गाडी थंड होताना तो बाटलीतून कूलंट परत आत ओढतो. तो अडकला तर थंड गाडीत होजपाइप आत चेपलेला दिसतो.

नव्या रेडिएटरसोबत नवं झाकण घ्या, पण त्याच आकड्याचं. 0.9 च्या जागी 1.1 लावलं तर तो जादा दाब जुन्या होजपाइपांवर आणि हीटरच्या कोअरवर येतो.

बसवण्याची पद्धत

1. गाडी पूर्ण थंड हवी. दोन-तीन तास तरी थांबा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरू शकतो.

2. हीटरचा खटका गरमवर ठेवा, झाकण काढा, खालचा ड्रेन प्लग उघडून कूलंट टबमध्ये घ्या. ते उघड्यावर ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

3. होजपाइप काढताना निघत नसेल तर जोर लावून पिळू नका, ब्लेडने उभा चिरून काढा. होज आणि क्लिपा नव्याच लावायच्या आहेत. एवढं सगळं उघडून वीस वर्षांचा होज परत बसवणं ही खोटी बचत आहे.

4. फॅनचं आणि थर्मो-स्विचचं कनेक्टर सोडवा. कुठली वायर कुठे होती त्याचा फोटो काढा. वरचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. खालच्या रबरी बुशी जुन्या रेडिएटरला चिकटून निघून येतात, त्या परत जागेवर ठेवा.

5. जुना आणि नवा शेजारी-शेजारी आडवे ठेवून यादीतलं प्रत्येक माप पुन्हा ताडून बघा. तोंडांवरची प्लॅस्टिकची बुचं काढा आणि नवा रेडिएटर एकदा स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या.

6. फॅन नव्या रेडिएटरवर चढवा, हाताने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. मग रेडिएटर खाली सोडा. पात्या नखाने सुद्धा वाकतात, त्यामुळे मध्ये पुठ्ठा धरा.

7. होज तोंडाच्या कडेच्या उंचवट्यापलीकडे जायला हवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी. प्लॅस्टिकच्या तोंडावर क्लिप बेताने आवळा.

कूलंट आणि हवा काढणं

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? गंज रोखायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला. नळाच्या, त्याहून जास्त बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांमध्ये बसतात. किटलीत बसतात तसेच. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. हिरवं आणि केशरी मिसळू नका. नुसत्या रंगावरही विसंबू नका, डब्यावरचा प्रकार वाचा.

आता बॅटरी जोडा, गाडीचं नाक थोडं चढावर करा आणि हीटर फुल गरमवर. कूलंट हळूहळू ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, हवा बुडबुड करत बाहेर येईल. झाकण न लावता इंजिन आयडलवर चालू करा आणि तोंडापासून लांब उभे राहा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो आणि पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भर घाला. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि फॅन आपोआप सुरू होईपर्यंत वाट बघा. फॅन सुरू होऊन बंद होणं हीच तुमची फायनल टेस्ट. तोवर गाडी पार्किंगबाहेर काढू नका.

पहिला आठवडा रोज सकाळी, थंड गाडीत, बाटलीतली पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरेल, अडकलेली हवा निघत असते. नंतरही उतरत राहिली तर गळती शोधा. आणि पहिली लांब फेरी घाटाची नको, गावातल्या गावात करा.

तुमच्या गाडीत काही वेगळं आढळलं तर जरूर कळवा, गाडीचं साल आणि मॉडेल लिहायला विसरू नका. पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. तोपर्यंत काट्यावर लक्ष ठेवा. भेटूया!