ऑनलाइन योगशिक्षक प्रशिक्षण: निवडायचं कसं?

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "घरबसल्या योगशिक्षक व्हायचंय, कुठला कोर्स घेऊ?" एकच नाव सांगून मोकळं व्हावं अशी तुमची अपेक्षा असेल, पण तसं आम्ही करणार नाही. पैसे भरण्याआधी काय बघायचं, ते सांगतो.

आधी प्रमाणपत्राचा घोळ सोडवू. भारतात योगवर्ग सुरू करायला कायद्याने परवाना लागत नाही. त्यामुळे जाहिरातीत 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असं दिसलं की विचारायचं, मान्यता कुणाची? बहुतेक वेळा उत्तर येतं, योगा अलायन्स. ही अमेरिकेतली नोंदणी करणारी संस्था आहे. ती स्वतः तुमची परीक्षा घेत नाही. तिच्याकडे नोंदलेल्या शाळेने तुम्हाला उत्तीर्ण केलं की तुमचं नाव तिच्या यादीत जाऊ शकतं, आणि यादीत राहायला दरवर्षी शुल्क भरावं लागतं. कोविडच्या काळात तिने ऑनलाइन प्रशिक्षणाला तात्पुरती सवलत दिली होती, ती पुढे कायम झाली. मुलांकडे परदेशी जाऊन तिथल्या स्टुडिओत शिकवायचं असेल, तर या नावाचा उपयोग आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाचा वर्ग घ्यायचा असेल, तर फारसा नाही.

आपल्याकडे आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ आहे. ते लेखी आणि प्रात्यक्षिक अशी स्वतंत्र परीक्षा घेतं. पहिली पातळी 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर'ची. या परीक्षेला बसायला अमुकच संस्थेचा कोर्स केलेला असावा अशी अट नाही. हे कळलं की डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं बघा. कागद एकीकडे मिळवता येतो आणि शिक्षण दुसरीकडे घेता येतं. मग कोर्सचे पैसे कशासाठी मोजायचे? शिकण्यासाठी. म्हणून कोर्स पारखायचा तोही शिकण्याच्याच दृष्टीने.

सगळीकडे '२०० तास' लिहिलेलं असतं. हे तास फोडून बघा. २४ दिवसांत २०० तास म्हणजे रोज आठ तासांहून जास्त. नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून हे कोण करणार? बरं, कुणी म्हणेल, आमचे व्हिडिओ आहेत, सवडीने बघा. मग या २०० तासांत समोरासमोरचे किती, व्हिडिओचे किती, 'स्वाध्याय' म्हणून धरलेले किती, हे लेखी मागा. मिळालं नाही तर तिथेच थांबा.

पण खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही: मी शिकवत असताना मला कोण बघणार? आसन येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. शिकवणं फक्त शिकवूनच येतं, आणि तेही कुणी चुका दाखवणारं असेल तर. साधा हिशोब करू. एका विद्यार्थ्याने वीस मिनिटं शिकवलं आणि शिक्षकाने दहा मिनिटं त्यावर सांगितलं, की अर्धा तास झाला. बॅचमध्ये ४० जण असतील तर एका फेरीलाच वीस तास लागतात. तशा तीन फेऱ्या तरी हव्यात, म्हणजे साठ तास. त्याऐवजी आठवड्याला दोन तासांचं सत्र ठेवलं, तर वाट्याला येतात तीन मिनिटं. तीन मिनिटांत शवासनसुद्धा नीट सांगून होत नाही!

हे इतकं ताणून का सांगतोय? आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. अशाच एका स्वस्त कोर्सचं प्रमाणपत्र त्यांना पर्याय निवडायच्या चाचणीवर मिळालं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वर्गात साठीच्या आसपासचे एक काका आले. रक्तदाबाची गोळी चालू होती. कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. हलासनातून उठताना त्यांना भोवळ आली. सुदैवाने बसले आणि सावरले. बाई आम्हाला म्हणाल्या, "मला आसनाचं संस्कृत नाव पाठ होतं, पण आधी काय विचारायचं तेच कुणी शिकवलं नव्हतं." उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, गरोदरपण, मानेचा त्रास, यांत काय टाळायचं आणि बदली काय द्यायचं, हा भाग अभ्यासक्रमात किती तासांचा आहे, तेवढं जरूर बघा. कपालभाती सरसकट सगळ्यांकडून करून घेणारा कोर्स दिसला, तर आम्ही तरी पुढे जाणार नाही.

याचा अर्थ ऑनलाइन वाईट, असा नाही हं. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ ची, लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं. अशा जुन्या संस्थाही आता ऑनलाइन शिकवतात. तत्त्वज्ञान, शरीररचना, पातंजल योगसूत्रांचा अभ्यास पडद्यावर छान होतो, कधीकधी वर्गापेक्षाही छान. अडतं ते शरीर बघण्यात. त्रिकोणासनात कॅमेरा समोर असला तर कंबर मागे गेलीय की नाही ते कळत नाही. चांगला शिक्षक सांगतो, मोबाइल बाजूला ठेवा, आता परत करा. म्हणून प्रवेशाआधी एक चालू वर्ग, रेकॉर्डिंग नव्हे, बघू द्या म्हणा. शिक्षक नावाने हाक मारून दुरुस्त करतो की नुसतं "व्हेरी गुड, व्हेरी गुड" करत जातो, ते दहा मिनिटांत समजतं.

आणखी एक प्रश्न विचारायला थोडं धाडस लागतं: मागच्या बॅचमध्ये नापास किती झाले? "आमच्याकडे कुणी नापास होत नाही," असं अभिमानाने सांगितलं गेलं, तर ती परीक्षा नाही, पावती आहे.

फीबद्दल थोडक्यात. हप्त्यांची सोय आहे का, मध्येच सोडावं लागलं तर काय परत मिळतं, परीक्षा शुल्क आत धरलंय का, हे ई-मेलवर घ्या. फोनवरचं आश्वासन पुढे कुणाला आठवत नाही.

शेवटी एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय: "आमच्या गावी नेट सारखं जातं. रेकॉर्डिंगवरच शिकलो तर चालेल का?" सिद्धान्ताचा भाग चालेल. सरावासाठी मात्र तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा वर्ग घेणारे कुणी जुने शिक्षक असतील, तर त्यांच्याकडे जा. ऑनलाइन संस्थेला आधीच विचारा, त्यांच्यासमोर घेतलेला सराव तुम्ही मोजाल का? काही संस्था मोजतात. आणि दर महिन्याला स्वतः शिकवतानाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाठवून त्यावर लेखी अभिप्राय मागा. अभिप्राय देणार असतील, तर नेट गेलं तरी फारसं बिघडत नाही.