गाडीच्या पोटाखालचा पत्रा : घेताना काय पाहावे?

व्यापारी माणूस गाडी घेताना बोनेट उघडून पाहतो, टायर पाहतो, मागच्या हौद्याची लांबी मोजतो. गाडीखाली वाकून कोण पाहतो? आम्हीही पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्ही २०१९ च्या होळीआधी चुकती केली.

मालेगावच्या मागावरचे कापड सातपुड्यातल्या बाजारांत नेऊन विकणे हा आमचा जुना धंदा. धुळे, शहादा करून धडगावकडे घाट चढायचा आणि पुढे पाड्यांच्या वाटेने आत जायचे. होळीच्या आधी तिकडे भोंगऱ्याचे बाजार भरतात. त्या चार-सहा दिवसांच्या विक्रीवर आमचे पुढचे कित्येक महिने निघतात. त्या वर्षी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप भरून निघालो. माल उधारीवर उचललेला. नाल्यातून गाडी वर काढताना खालून एक दगड लागला. भाचा गाडी चालवत होता. तेलाचा लाल दिवा लागला, तरी गाव जवळच आहे म्हणून त्याने गाडी पुढे दामटली. दोन-तीन किलोमीटरवर इंजिन जाम झाले. तेलाची टाकी, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत चेंबर, फुटून सगळे तेल वाटेवर सांडले होते. बाजार गेले, इंजिन गेले आणि मागवाल्यांचे पैसे द्यायला आम्हाला पुढची ईद उजाडली.

गाडी घेताना विक्रेत्याने ‘खाली गार्ड आहे’ असे सांगितले होते. तो गार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा पडदा निघाला. असा पडदा चिखल-पाणी अडवतो, दगड अडवत नाही. आमच्यासारखी चूक इतर बांधवांकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी काय झाकावे?

खर्च बेताचा असेल तर क्रम असा ठेवावा. पहिले इंजिनचे चेंबर, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, मग डिझेलची टाकी. एकापेक्षा जास्त पत्रे बसवायचे असतील तर पुढच्या पत्र्याची मागची कड खाली आणि मागच्या पत्र्याची पुढची कड तिच्या वर असावी. उलटे झाले तर दगड त्या कडेत अडकून पत्राच उचकटतो. सायलेन्सरचा पाइप मात्र झाकू नये. तिथे सुके गवत अडकून पेट घेऊ शकते.

लोखंड की ॲल्युमिनियम?

एक चौरस मीटर आकाराचा, एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे ७.८५ किलो भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा २.७ किलो. म्हणजे ४ मिलिमीटर लोखंड ३१ किलोच्या पुढे जाते, तर ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम १६ किलोच्या आसपास राहते. व्यापाऱ्याने हा हिशेब विसरू नये. जितके किलो पत्रा, तितके किलो कापड कमी.

लोखंड स्वस्त, दगडावरून घसरत निघून जाते, वाकले तर गावातला वेल्डरही सरळ करून देतो. पण गंजते. ॲल्युमिनियम हलके, गंजाचा त्रास कमी, परंतु टोकदार दगडावर ते ओरबाडले जाते आणि अडकते. शिवाय ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट थेट लावले तर कोकणासारख्या खाऱ्या हवेत जोडाजवळचे ॲल्युमिनियम झिजू लागते. तिथे मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर हवा. रोज दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्याने लोखंड घ्यावे. बहुतेक वेळ डांबरी सडक आणि कधीमधी कच्चा रस्ता असेल तर ॲल्युमिनियम पुरते.

बसवणी पत्र्याइतकीच महत्त्वाची

पत्रा चॅसिसला धरलेला असावा, इंजिनला किंवा चेंबरला कधीही नाही. चेंबर आणि पत्रा यांच्यात दोन बोटे तरी जागा राहावी. पत्रा चेंबरला चिकटलेला असेल तर दगडाचा ठोसा थेट चेंबरलाच बसतो. बोल्टचे डोके पत्र्यात बुडालेले असावे. बाहेर आलेले डोके दगडावर घासून सपाट होते आणि मग ते कोणत्याही पान्याने उघडत नाही. तेल काढायच्या बोल्टखाली भोक ठेवावे, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला सगळा पत्रा उतरवण्याची मजुरी द्यावी लागेल. चिखल धुऊन निघेल आणि हवा खेळेल अशा फटीही हव्यात. वेल्डिंगने कायमचा पत्रा डकवू देऊ नये.

काही जण पुढे जाडजूड बुलबार लावून निर्धास्त होतात. त्याने खालचे चेंबर वाचत नाही. उलट डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन अशा बारवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. तो पैसा पोटाखाली घालावा.

विम्याच्या भरवशावर राहू नये

दगड लागून चेंबर फुटणे हा अपघात झाला. पण तेल गळत असताना गाडी चालवल्याने इंजिन गेले, तर विमा कंपन्या ते नुकसान सहसा मान्य करत नाहीत. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम मिळते. ते घेताना अटी स्वतः वाचाव्यात. आणि खाली आवाज झाला की थांबून वाकून पाहावे. तेलाचा दिवा लागला तर त्याच जागी इंजिन बंद करावे. आमच्या भाच्याने एवढे केले असते तर चेंबरच्या खर्चावर भागले असते.

कारागीर बांधवांना दोन शब्द

असे पत्रे बनवणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. ३ मिलिमीटरचा पत्रा काळा रंग देऊन ४ चा म्हणून विकणे सोपे आहे, कारण गिऱ्हाईक गाडीखाली मोजायला जात नाही. पण तो पत्रा डोंगरात, मदत नसलेल्या जागी कामाला येतो. माप-तोलात खोट करणाऱ्यांसाठी कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन आहे, हे आपल्याला सांगायला नको. जाडी बिलावर लिहून द्यावी आणि गिऱ्हाइकासमोर पत्रा काट्यावर ठेवावा. गिऱ्हाइकानेही संकोच न करता वजन मागावे. कापडाचे थान आपण मोजल्याशिवाय घेत नाही, मग पत्रा का घ्यावा?

आमच्या गाडीखाली आता ४ मिलिमीटरचे लोखंड आहे. त्यावर ओरखडे पुष्कळ उठले आहेत. अल्हम्दुलिल्लाह, चेंबर शाबूत आहे आणि भोंगऱ्याला माल वेळेवर पोहोचतो.