तायक्वांदोतील पाठमोरी लाथ : शास्त्रशुद्ध शिक्षणाची आवश्यकता

तायक्वांदो हा मूळचा कोरियातील क्रीडाप्रकार होय. ‘ताए’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग, असा या नावाचा अर्थ आहे. १९७३ मध्ये सोल येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून त्यास पदके दिली जाऊ लागली. महाराष्ट्रातील शालेय क्रीडास्पर्धांतही त्याचा समावेश आहे. म्हणूनच त्यातील एखादे अवघड कौशल्य मुलांना कोणत्या क्रमाने शिकवावे, याचा विचार अगत्याचा ठरतो. पाठमोरी लाथ हे असेच एक कौशल्य आहे.

कोरियन भाषेत या लाथेस ‘द्वी चागी’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवून टाच सरळ रेषेत मागे झोकली जाते. मांडी व नितंब यांच्या मोठ्या स्नायूंचे बळ टाचेत एकवटत असल्याने हा आघात प्रभावी ठरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नियमांनुसार छातीकवचावरील साध्या लाथेस २, तर अशा वळून मारलेल्या लाथेस ४ गुण होते. या गुणांच्या मोहाने मुले घाई करतात आणि दोष येथेच उद्भवतात.

डावा पाय पुढे ठेवून उभे राहिल्यास कृतीचा क्रम असा असतो : डाव्या पायाच्या चवड्यावर वळून त्याची टाच प्रतिस्पर्ध्याकडे आणावी. शरीर उजवीकडून मागे वळवून उजव्या खांद्यावरून लक्ष्य पाहावे. उजवा गुडघा डाव्या गुडघ्याजवळून वर उचलावा व टाच सरळ मागे मारावी. या वेळी पायाची बोटे खालच्या दिशेस असावीत. आघातानंतर पाय तत्काळ आखडून घ्यावा व तोल सावरावा.

यात दोन चुका वारंवार आढळतात. पहिली म्हणजे नजरेबरोबर खांदेही फिरत राहणे. त्यामुळे लाथ सरळ न जाता वर्तुळाकार जाते, बळ वाया जाते आणि नेम चुकतो. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. आधाराचे पाऊल जमिनीस चिकटून राहिले व शरीर मात्र वळले, तर सर्व पीळ गुडघ्यावर येतो. वाढत्या वयात अशी इजा झाल्यास मुलाचे खेळणेच थांबण्याचा धोका असतो.

यासाठी प्रथम केवळ वळण्याचा सराव द्यावा. नंतर भिंतीस हात टेकवून गुडघा उचलणे व टाच सावकाश मागे नेणे शिकवावे. जमिनीवर खडूने आखलेली सरळ रेषा दिशा तपासण्यास पुरेशी होते. हालचाल स्थिर झाल्यावरच जोडीदाराने धरलेल्या गादीवर आघात करू द्यावा. प्रत्यक्ष झुंज त्यानंतरची पायरी होय. झुंजीत शिरस्त्राण, छातीकवच, दातांचे कवच इत्यादी साधने अनिवार्य मानावीत. पाठीच्या कण्यावर व कमरेखाली आघात करण्यास नियमांची मनाई आहे, हेही मुलांच्या मनावर बिंबवावे.

यांपैकी आरंभीच्या पायऱ्यांना फारसा खर्च येत नाही. सपाट, न घसरणारी जागा आणि जाणकार मार्गदर्शक एवढे पुरे. मात्र पदकाच्या घाईपोटी या पायऱ्या गाळल्या जाऊ नयेत, याची दक्षता शाळा, ग्रामपंचायती व पालक यांनी घेतली पाहिजे. वेग व बळ सरावाने येतातच. पाया मात्र आरंभीच घालावा लागतो.