कर्जाचा रकाना

रिझर्व्ह बँक दर महिन्याला एक तक्ता प्रसिद्ध करते. भारतातल्या कोणत्या कंपनीने परदेशातल्या आपल्या कोणत्या कंपनीत किती पैसा घालायचं पत्करलं, याची ती नावनिशीवार यादी असते. पुढे तीन रकाने: भागभांडवल, कर्ज आणि हमी. आकडे दशलक्ष डॉलरमध्ये. वर्तमानपत्रं तिन्हींची बेरीज छापून मोकळी होतात. मी मधल्या रकान्यापाशी थांबतो, कारण त्यातल्या अगदी छोट्या, दशांश चिन्हाने सुरू होणाऱ्या काही आकड्यांचे कागद म्हापशातल्या आमच्या ऑफिसातून गेलेले असतात.

आमचे बरेच अशील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत शेड असलेल्या एका शेटनी दुबईत कंपनी काढली आहे. माल इथे बनतो आणि तिथल्या गोदामातून आखातात विकला जातो. दुबईच्या कंपनीचं भागभांडवल नावापुरतं, बाकी सगळा पैसा तुयेच्या कंपनीने दिलेलं कर्ज. पहिल्या वेळी कागद समोर ठेवले तेव्हा शेट म्हणाले, "ही कंपनी माझी, ती पण माझीच. मग कर्ज कोणी कोणाला दिलं? आणि व्याज ते कसलं?"

प्रश्न रास्त आहे. पण भागभांडवल म्हणून गेलेला पैसा परत आणायचा तर शेअर विकायला हवेत, नाहीतर कंपनीच गुंडाळायला हवी. लाभांश घ्यायचा तर आधी नफा हवा. कर्जाला मात्र मुदत असते. मुदत भरली की मुद्दल मागायचं, तोवर व्याज घ्यायचं. जून २०२३ पासून अमिरातीत कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर आला, तेव्हापासून तिथल्या हिशेबात व्याज खर्ची पडणं हाही एक फायदा झाला. कर्ज देणाऱ्याने परतीचं तिकीट काढून ठेवलेलं असतं, एवढं शेटना लगेच पटलं.

पटायला वेळ लागला तो अटींना. परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम ऑगस्ट २०२२ चे. त्यांच्यानुसार नुसतं कर्ज देता येत नाही. आधी भागभांडवल घालून त्या कंपनीवर नियंत्रण मिळवायचं, मग कर्ज. शेटना स्वतःच्या बचत खात्यातून पैसे द्यायचे होते, तेही जमत नाही. व्यक्तीने परदेशी कंपनीचे शेअर घ्यावेत, कर्ज द्यायचं ते कंपनीनेच. कर्जाचा लेखी करार हवा आणि व्याजाचा दर परक्याला लावला असता तोच हवा. घरच्याच कंपनीला दोन टक्के पुरेत, असं शेटचं म्हणणं. ते ना बँकेला चालतं, ना आयकर खात्याला. पूर्वी असे दर लायबॉर या लंडनच्या आंतरबँक व्याजदरावर टेकवलेले असत. डॉलरचा लायबॉर जून २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा जुन्या करारांना पुरवण्या जोडत बसलो होतो.

पुढचं काम बँकेच्या टेबलावर. पैसे बाहेर पाठवायचा ए-टू फॉर्म, त्याच्यासोबत आर्थिक बांधिलकीचा एफसी फॉर्म, संचालक मंडळाचा ठराव, कंपनीच्या नक्त मालमत्तेचा दाखला. एकूण बांधिलकी नक्त मालमत्तेच्या चौपटीच्या आत आहे ना, ते या दाखल्यावरून पाहतात. दुबईच्या कंपनीला यूआयएन हा ओळख क्रमांक मिळालेला आहे आणि त्या क्रमांकाचे सगळे व्यवहार एकाच बँकेमार्फत होतात. परकीय चलनाच्या टेबलावरची मुलगी फॉर्ममधल्या पर्पज कोडभोवती पेन्सिलीने गोल काढते. एस ०००३ म्हणजे भागभांडवल, एस ०००४ म्हणजे कर्ज. ती करार उघडते, परतफेडीच्या तारखेचं कलम शोधते आणि तारीख सापडली की गोलाशेजारी बरोबरची खूण करते. ती खूण होईपर्यंत शेट फोनमधून डोकं वर काढत नाहीत.

या भागाला परदेशी कर्जाचा हा व्यवहार नवा वाटत असला तरी तसा तो नाही. डिचोली तालुक्यातल्या शिरगावची चौगुल्यांची लोहखाण यंत्रांवर चालू लागली ती जपानी कर्जावर. साल १९५१, गोवा पोर्तुगीजांचा. दुसऱ्या महायुद्धात कंगाल झालेल्या जपानकडे पोलादाच्या भट्ट्या होत्या, खनिज नव्हतं. तिथल्या कोकान मायनिंग कंपनीने चौगुल्यांशी करार केला. यंत्रसामग्री जपानने उधारीवर द्यायची, फेड खनिजाने करायची. खाणीत मालकी मागितली नाही, माल मागितला. युद्धोत्तर जपानच्या परदेशी गुंतवणुकीचा इतिहास लिहिणारे हा व्यवहार अगदी सुरुवातीच्या पानांवर घेतात. पुढे जपानी कंपन्यांनी जगभर वापरलेली कर्ज देऊन खनिज घेण्याची पद्धत आमच्या शिरगावात आधी चालून गेली होती. तिथल्या लईराई देवीच्या जत्रेला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

साठ वर्षांनी पैसा उलट दिशेने निघाला. सेसा गोवा ही १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर उभी राहिलेली कंपनी. ती पुढे जपानच्या मित्सुईकडे गेली आणि २००७ मध्ये वेदांता समूहाकडे. २००९ मध्ये तिने डेंपोंचा खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना घेतला, त्यात डिचोलीची खाणही आली. २०११ मध्ये तिने लायबेरियातल्या वेस्टर्न क्लस्टर या लोहखनिज प्रकल्पाचा ५१ टक्के हिस्सा ९ कोटी डॉलरला घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिचोलीतले ट्रक दारात उभे राहिले आणि त्याच डिसेंबरात कंपनीने लायबेरियातला उरलेला ४९ टक्के हिस्सा आणखी ३.३५ कोटी डॉलरला घेऊन टाकला.

ही खरेदी ब्लूम फाउंटन नावाच्या मॉरिशसच्या उपकंपनीतून झाली. वेदांता समूहाच्या २०१३ च्या पुनर्रचनेत याच उपकंपनीकडे केर्न इंडिया या तेल कंपनीचा सुमारे ३८.७ टक्के हिस्सा आला. किंमत नाममात्र १ डॉलर, सोबत सुमारे ५.९ अब्ज डॉलरचं कर्ज. रकाने वाचायची सवय नसेल तर माणूस एक डॉलर बघतो आणि पुढे जातो. तक्त्याची देशवार बेरीज केली की सिंगापूर, मॉरिशस आणि नेदरलँड्स इतक्या वर दिसतात तेही असंच वाचायला हवं. पैसा तिथे उतरतो, राहतोच असं नाही.

लायबेरियात २०१४ मध्ये इबोला पसरला, खनिजाचे भावही कोसळले आणि प्रकल्प थांबला. डिचोलीची खाण डिसेंबर २०२२ च्या लिलावात पुन्हा वेदांताकडेच आली, ६३.५५ टक्क्यांच्या बोलीवर.

पेडण्याच्या मोपा पठारावर विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर समूहाची कथा हमीच्या बाजूला झुकते. मालदीवमधला माले विमानतळ या समूहाने २०१० मध्ये घेतला, तोही हमीवर मोठं बँककर्ज उचलून. २०१२ च्या अखेरीस मालदीव सरकारने करार मोडला, लवाद सिंगापुरात चालला आणि २०१६ मध्ये सुमारे २७ कोटी डॉलरची भरपाई मिळाली. कर्जाला अशी हमी दिली त्या दिवशी देशाबाहेर दमडी जात नाही, पण तक्त्यात आणि चौपटीच्या मर्यादेत ती पूर्ण धरली जाते. म्हणून एखादा मोठा सौदा आला की हमीचा रकाना एका महिन्यात फुगतो.

कर्जाची चाल निराळी. भागभांडवल बहुधा गेलं की गेलं. कर्ज जातं, फिटतं, पुन्हा जातं, त्यामुळे देशाच्या ताळेबंदात एखाद्या तिमाहीला बाहेर गेलेल्यापेक्षा परत आलेलं कर्ज जास्त दिसू शकतं. त्यावरून भारतीय उद्योजकांचा उत्साह मावळला वगैरे मथळे काढणं मला उथळ वाटतं. सरकार मात्र पैसे बाहेर नेणाऱ्या या नळाकडे डोळ्यांत तेल घालून बघतं. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरू लागला तेव्हा रिझर्व्ह बँकेने चौपटीची मर्यादा एका फटक्यात एकपटीवर आणली आणि जुलै २०१४ मध्ये ती पूर्ववत केली.

आमच्यासारख्यांची खरी दमछाक पैसे गेल्यानंतर. शेअर घेतल्याचा पुरावा सहा महिन्यांत. १५ जुलैपर्यंत परदेशी देणी आणि मालमत्तांचं एफएलए विवरण. डिसेंबरअखेर एपीआर हा वार्षिक कामगिरी अहवाल, तिकडच्या कंपनीच्या हिशेबासकट. आणि व्याज देय झालं की ९० दिवसांत ते भारतात यायलाच हवं. खातेवहीत व्याज जमा दाखवणं सोपं असतं, ते बँकेत उतरवणं दुबईच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून. गिऱ्हाईक उधारी थकवतं, व्याज अडकतं आणि बँकेचं पत्र येतं.

यंदा शेट कंटाळले. या कर्जाचे शेअरच करून टाका म्हणतात. तसं करता येतं, फॉर्म तोच आणि व्याजाची कटकट संपते. पण मग मुदत राहत नाही आणि मुद्दल मागता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी करार मिटवून माझ्याकडे सरकवला. "झिलाला पाठवतो, त्याच्याशी बोला," म्हणाले. "तो परत येणार की तिकडेच राहणार, ते त्यालाच विचारा आणि मग काय ते लिहा."