विश्लेषण : गाडी स्वतःच मार्गिका पाळते, पण अलिबागच्या वाटेवर कुठपर्यंत?

शिवडीहून अटल सेतूवर चढलेल्या नव्या गाडीत स्टिअरिंग स्वतःहून हलकेच वळते, गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध राहते आणि चालकाला वाटते, आता ही आपल्याला थेट काशीदच्या किनाऱ्यावर नेणार. वडखळ मागे पडेपर्यंत चित्र बदलते. पडद्यावरच्या हिरव्या रेषा मधूनच करड्या होतात, खड्डा चुकवायला जावे तर स्टिअरिंग उलट ओढ घेते. गाडीत बिघाड नसतो. रस्त्यावरचा रंग बदललेला असतो.

गाडीला नेमके काय दिसते?

समोरच्या काचेवर, आरशामागे एक कॅमेरा असतो. काळ्या डांबरावरचे पांढरे किंवा पिवळे पट्टे तो रंगातल्या फरकावरून ओळखतो आणि गाडी पट्ट्याकडे सरकतेय का, याचा हिशेब करतो. म्हणजे हे तंत्र रस्ता पाहत नाही, रस्त्यावरचा रंग वाचते. बाकी सगळे यातूनच येते.

शोरूममध्ये एकाच दमात सांगितली जाणारी तीन कामे वेगवेगळी आहेत. ‘लेन डिपार्चर वॉर्निंग’ फक्त आवाज करते किंवा स्टिअरिंग थरथरवते. ‘लेन कीप असिस्ट’ पट्टा ओलांडला जात असताना स्टिअरिंगला आतल्या बाजूला हलका धक्का देते. तिसरी सोय गाडीला सतत मध्यभागी ठेवते; तिला पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलची जोड मिळाली की ती ‘लेव्हल २’ म्हणवते. भारतात २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही७०० आल्यावर हे शब्द घरोघरी पोहोचले. मात्र शून्य ते पाच अशा या पायऱ्यांत लेव्हल २ म्हणजे मदतनीस. गाडी चालवणारे तुम्हीच.

सेतूवर जमते, महामार्गावर का नाही?

जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू या तंत्रासाठी जणू बेतलेला आहे. प्रत्येक बाजूला तीन मार्गिका, मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, दुचाकी आणि रिक्षांना बंदी, मध्ये चौक नाही. बहुतेक गाड्यांत ही सोय ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागी होते, काहींत त्याआधीही. तो वेग इथे सहज मिळतो.

पळस्पे फाट्याहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलात की हिशेब वेगळा. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि पुढे ते किती रेंगाळले हे कोकणात जाणाऱ्याला सांगायला नको. काम चालू असलेल्या रस्त्यावर जुना पट्टा सरळ जातो आणि वाहतूक मात्र पिंपांच्या आडून डावीकडे वळवलेली असते. कॅमेऱ्याला जुना पट्टाच खरा वाटू शकतो. डांबराचे सांधे, बुजवलेल्या चरांच्या रेघा यांनाही तो कधी पट्टा समजतो.

त्यात खड्डे. खड्डा चुकवताना इंडिकेटर कोण देतो? पण इंडिकेटर नसेल तर गाडीचा समज होतो की चालकाला डुलकी लागली, आणि ती त्याला परत मार्गिकेत, म्हणजे खड्ड्याकडे ढकलते. ही ओढ हाताच्या थोड्या जोराने मोडता येते. खरा धोका दचकण्याचा आहे. नवखा चालक घाबरून उलट्या बाजूला जोरात स्टिअरिंग फिरवतो आणि शेजारून दुचाकी जात असते. म्हणून सरळ उपाय : डायव्हर्जनचा फलक दिसला की बटण दाबून ओढ बंद करा. अनेक गाड्यांत ‘फक्त इशारा’ असा पर्याय असतो, तो या टप्प्यावर पुरेसा आहे. काही गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केल्यावर सोय आपोआप चालू होते. चहा पिऊन निघताना पडद्यावर एकदा नजर टाका.

कार्लेखिंडीची वळणे आणि अलिबागनंतर नागाव-चौल-रेवदंड्याचा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला चिंचोळा रस्ता इथे तर हा विषयच संपतो. साळावचा पूल ओलांडून कोर्लईकडे जाताना समोरून एसटी आली, तर एक चाक साइडपट्टीवर उतरवावेच लागते. हा समजूतदारपणा कॅमेऱ्याकडे नाही.

पाऊस आणि खारे वारे

पट्ट्यांच्या थर्मोप्लास्टिक रंगात काचेचे बारीक मणी असतात. रात्री हेडलाइटचा उजेड ते परत फेकतात. पाण्याचा थर साचला की ही चमक हरवते आणि ओला रस्ताच चकाकू लागतो. जुलैत वायपर पूर्ण वेगात असताना या सोयीवर भिस्त ठेवू नये. किनाऱ्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचेवर खारट पापुद्रा बसतो, तो कॅमेऱ्यासमोरून आधी पुसा. फास्टॅगही कॅमेऱ्याच्या आड येणार नाही असा चिकटवा. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. थोडा खर्च येतो, पण तिरका पाहणारा कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट.

हात सोडले तर?

काही सेकंदांत गाडी स्टिअरिंग धरायला सांगते, ऐकले नाही तर मदत थांबवते. तिला फसवण्यासाठी स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवणारे बहाद्दर रीलमध्ये दिसतात. अपघात झाल्यावर ‘गाडी स्वतः चालत होती’ हा बचाव चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालवणाऱ्याला लागू होते, कॅमेऱ्याला नव्हे.

या सोयीचा सर्वांत मोठा उपयोग जाहिरातीत फारसा दिसत नाही. रविवारी संध्याकाळी, समुद्रात डुंबून आणि मासे जेवून परतताना डोळे जड होतात. पट्टा ओलांडल्याचा इशारा दहा मिनिटांत दोनदा वाजला, तर तो त्रासदायक म्हणून बंद करू नका. वडखळ किंवा पेणला गाडी बाजूला घ्या, तोंडावर पाणी मारा, शक्य असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. पुढे अटल सेतूवर थांबायला मनाई आहे.