घसरत्या मोटारीचा पिवळा दिवा

मुंबईच्या पावसाचें माप सांगावयाचें झालें म्हणजे सांताक्रूझचें नांव प्रथम येतें. २६ जुलै २००५ रोजीं तेथील वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, ती कोणीहि विसरलेलें नाहीं. एरवींच्या पावसाळ्यांतहि मिलन सबवेंत पाणी भरतें आणि द्रुतगति महामार्गावर पाण्याचा पातळ थर उभा राहतो. अशा दिवसांत हौसेनें घेतलेल्या स्पोर्ट्स मोटारीच्या फलकावर घसरत्या गाडीचें चित्र असलेला पिवळा दिवा लागतो आणि कांहीं केल्या विझत नाहीं. मोटार तर नीट चालत असते. म्हणून वडील मंडळी म्हणतात, "असूं द्या", चिरंजीव म्हणतात, "पाऊस संपल्यावर पाहूं", आणि मिस्त्री म्हणतो, "कॉम्प्युटर बदलावा लागेल." यांपैकीं एकहि उत्तर घाईनें स्वीकारण्याजोगें नाहीं. तें कां, हें समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. घरखर्चाचा हिशेब ठेवतां आला म्हणजे पुरे.

पकडीचा जमाखर्च

टायरची रस्त्यावरील पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ती ठराविक असते आणि तिच्यांतूनच सर्व खर्च भागवावा लागतो. वेग वाढविणें, ब्रेक लावणें आणि वळण घेणें हे तिचे तीन खर्च. वळणावर सारी पकड खर्ची पडली असतां कोणी जोरानें ब्रेक दाबला, कीं शिल्लक संपते आणि गाडी घसरते. ओल्या रस्त्यावर तर पगारच कमी होतो. स्पोर्ट्स मोटारीचें इंजिन जोरकस असल्यामुळें किंचित् पाय दाबतांच खर्च मर्यादेबाहेर जातो. शिवाय तिचे टायर रुंद असतात. कोरड्या रस्त्यावर हा गुण खरा, पण झिजलेला रुंद टायर सांचलेल्या पाण्यावर लवकर तरंगूं लागतो.

जुहूचें विमानतळ सांताक्रूझपासून जवळच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा याच ठिकाणीं उतरले. त्याच टाटांना तरुणपणीं बुगाटी मोटार भरधांव हांकण्याचा नाद होता. त्या काळच्या मोटारींत घसरण सावरण्याचें साधन म्हणजे चालकाचे हातपाय आणि त्याचें डोकें, एवढेंच. पुढें १९७८ सालीं बॉश कंपनीची, ब्रेक लावतांना चाक जाम होऊं न देणारी यंत्रणा मर्सिडीझ मोटारींत आली. त्यानंतर चाकाची व्यर्थ गरगर थांबविणारी यंत्रणा निघाली आणि १९९५ सालीं सबंध गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा मर्सिडीझच्याच मोठ्या मोटारींत बसविली गेली. १९९७ सालीं त्याच कंपनीची ए-क्लास ही लहान मोटार स्वीडनमधील एका परीक्षेंत एकदम वळवितांना उलटली. तेव्हां कंपनीनें ही यंत्रणा त्या लहान मोटारींतहि सरसकट बसविली.

हिचें कार्य असें. प्रत्येक चाकापाशीं त्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो. स्टिअरिंग किती वळविलें हें एक सेन्सर सांगतो, तर गाडी प्रत्यक्षांत किती वळली हें दुसरा सांगतो. चालकाची इच्छा आणि गाडीची करणी यांत अंतर पडलें, कीं यंत्रणा क्षणार्धांत इंजिनाचा जोर कमी करते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते. परंतु ती पकड निर्माण करीत नाहीं. आहे ती पकड काटकसरीनें वापरते, इतकेंच.

दोष शोधण्याचा क्रम

पिवळा दिवा लुकलुकत असेल तर यंत्रणा आपलें काम करीत आहे असें समजावें आणि वेग कमी करावा. तो अखंड जळत असेल तर यंत्रणा बंद आहे. कोणीतरी बटन दाबून ती बंद केली आहे काय, हें प्रथम पाहावें. तसें नसेल तर दिवा केव्हांपासून लागला, हें आठवावें. निम्मा शोध तेथेंच लागतो.

टायर बदलल्यानंतर दिवा लागला असेल तर टायरच तपासावे. नव्या टायरची नक्षी सुमारें आठ मिलिमीटर खोल असते. झिजलेल्याची दोनच उरते. एका बाजूस नवा आणि दुसऱ्या बाजूस जुना टायर घातला, तर दोन्ही चाकें एका वेगानें फिरत नाहींत. हा फरक फार वाढला म्हणजे यंत्रणेला तें चाक घसरत असल्याचा भास होतो. म्हणून एका आंसावरील दोन्ही टायर एकाच मापाचे आणि जातीचे असावे व हवाहि सांगितल्याप्रमाणें भरावी.

चाकांची अलाइनमेंट केल्यावर दिवा लागला असेल, तर स्टिअरिंगचा सेन्सर पुन्हां शून्यावर आणणें राहून गेलें असण्याचा संभव असतो. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली असेल तर बॅटरी पाहावी. स्वस्थ स्थितींत ती साडेबारा व्होल्टच्या आसपास असावी; ती उतरली म्हणजे नाजुक यंत्रें उगाच तक्रार करूं लागतात. पाण्यांतून गाडी नेल्यावर दिवा लागला असेल तर चाकाजवळील सेन्सरवर चिखल बसला आहे काय, जोडणींत पाणी शिरलें आहे काय आणि तार तुटली आहे काय, हें पाहावें. मुंबईंत तारा कुरतडणाऱ्या उंदरांनाहि विसरूं नये. ब्रेकच्या दिव्याचा स्विच बिघडल्यानेंहि हाच दिवा लागतो.

एवढें झाल्यावर स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचावा आणि गाडी संथ चालवून चारी चाकांचे वेग ताडून पाहावे. तीन चाकें वीस दाखवीत असतां चौथें शून्य दाखवील, तर दोष कोठें आहे हें वेगळें सांगावयास नको. कॉम्प्युटर ही सर्वांत महाग वस्तु. तिच्यावर संशय सर्वांत शेवटीं घ्यावा. "आधीं बदला, मग पाहूं" असें म्हणणाऱ्या कारागिराला, कोणती परीक्षा केली, असें शांतपणें विचारण्याचा प्रत्येक गृहस्थास अधिकार आहे.

दोष निघेपर्यंत गाडी हळू चालवावी आणि पुढील गाडीपासून अंतर दुप्पट ठेवावें. साधे ब्रेक बहुधा चालू असतात. मात्र ब्रेकचा तांबडा दिवाहि लागला तर गाडी तेथेंच थांबवावी. दिव्यावर चिकटपट्टी लावणें हा उपाय नव्हे. चिखलांत रुतलेलें चाक बाहेर काढण्यापुरतें यंत्रणेचें बटन बंद करणें समजण्याजोगें आहे. मित्रांना मौज दाखविण्यासाठीं भर पावसांत तें बंद करणें हा मात्र शुद्ध अविचार होय.

संध्याकाळीं त्याच मोटारींत शेजारच्या आसनावर आई बसते, बहीण बसते, आणि तो दिवा कशाचा हें त्यांना ठाऊक नसतें. म्हणून आज घरीं आल्यावर चिरंजीवांना एवढेंच विचारावें, कीं फलकावरील सर्व दिवे विझलेले आहेत ना? आणि उत्तर "हो" असें आलें, तरी एकदां स्वतः जाऊन पाहावें.